घरचं शून्य

६ जानेवारी

नवी डायरी. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच बंद पडली होती. या वर्षी लिहायला कारण आहे. आमच्या इमेजिंग सेंटरमध्ये एक नवी मोजणी उभी करायची आहे आणि ती मी उभी करणार आहे. उद्या कुणी म्हणायला नको की हे अमक्या डॉक्टरने केलं. म्हणून तारीखवार नोंद.

काम असं आहे. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू शकत नाही. हा अडसर. काही आजारांत, आणि म्हणतात की विसरण्याच्या आजाराच्या अगदी सुरुवातीला, तो किंचित सैल पडतो आणि झिरपू लागतो. नेहमीच्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही, मोजावं लागतं. हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उजळ दिसणारं औषध, सोडायचा आणि वीस मिनिटं डोक्याचे फोटो काढत राहायचं. मग मेंदूच्या प्रत्येक जागेचा आलेख काढायचा. रेघ आडवी राहिली तर अडसर शाबूत. रेघ चढली तर झिरप. जेवढा चढ, तेवढी झिरप.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. या सेंटरमध्ये मी आलो तो मशीनच्या खोलीचा एसी दुरुस्त करायला. एसी झाला, मी राहिलो. आज मशीन अडलं तर कंपनीचा माणूस मला फोन करून विचारतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. परदेशी पेपर डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. पोरं पाठीमागे 'प्रोफेसर' म्हणतात. म्हणोत.

आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे सेंटरच्या रेडिऑलॉजिस्ट, म्हणाल्या, "काका, आधी निरोगी माणसं तपासा. शून्य कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढचं काय मोजणार?"

मला काका म्हणतात. वयात सात-आठ वर्षांचा फरक असेल-नसेल. पण मुद्दा बरोबर आहे.

९ जानेवारी

परवानगी आली. निरोगी माणसं दोन पुरेत, प्रत्येकाला दोनदा तपासता येईल. पहिला अँब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याला सगळे पैलवान म्हणतात. दुसरं कोण, असं जेवताना घरी म्हणालो, तर ही म्हणाली, "मला घ्या की. फुकटात डोकं तपासून होईल."

"तुझ्या डोक्यात काय तपासायचंय?"

"तेच. आहे की नाही ते तरी कळेल."

हसलो. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत हिने माझ्या मशीनमध्ये पहिल्यांदाच एवढा रस घेतला. सुई टोचतील, वीस मिनिटं बोगद्यात पडून राहावं लागेल, सगळं सांगितलं. तरी म्हणाली, "चालेल. कधी यायचं?" दोनदा विचारलं, कधी यायचं. माझ्या कामाची किंमत उशिरा का होईना कळली म्हणायची.

भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. म्हटलं, लक्ष देत जा.

१४ जानेवारी

दोघांचं झालं.

पैलवान बोगद्यात गेला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. मशीनचा एवढा आवाज असून काचेपलीकडे ऐकू येत होतं. प्रत्येक श्वासाला हनुवटी वर-खाली. त्याच्या फोटोंवर मी काडीचाही विश्वास ठेवणार नाही.

ही मात्र ठरल्या वेळी आली, केसातल्या पिना न सांगता काढल्या, आडवी झाली. मी बाहेरून माइकवर म्हणालो, "सुरू करतोय."

आतून आवाज आला, "कोण बोलतंय? आवाज ओळखीचा वाटतोय."

"हलू नकोस. बोलायचं नाही."

"स्वभावही ओळखीचा आहे."

शेजारी बसलेली नर्स इतकी हसली की डायचा पंप लावायला अर्धं मिनिट उशीर झाला. तशी नोंद केली आहे.

परतताना म्हणाली, "माझं काय आलं?"

"इतक्यात कसं येईल? आणि तुझं काय यायचंय? तू नॉर्मल. म्हणून तर घेतली."

१६ जानेवारी

चूक आहे. पैलवानाची रेघ सगळीकडे आडवी. हिची बहुतेक ठिकाणी आडवी, पण दोन्ही कानांच्या आत खोलवर, आठवणी धरून ठेवणारा जो भाग म्हणतात, तिथे चढते. डावीकडे जास्त. ज्याने घोरून घोटाळा केला त्याचं साफ आणि जी पुतळ्यासारखी पडून होती तिचं चढतंय, म्हणजे मशीनमध्ये काहीतरी आहे.

डॉक्टरबाईंनी हिचे साधे फोटो पाहिले होते. म्हणाल्या, दिसायला मेंदू छान आहे. झिरपीचे आलेख मागत होत्या. म्हटलं, पद्धत पक्की झाल्यावर दाखवतो. अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही.

२३ जानेवारी

मशीन तापत गेलं की त्याचे आकडे हळूहळू सरकतात. याला मी सरक म्हणतो. मुळात इतक्या बारीक झिरपीची मोजणी म्हणजे खोलीत भोंगा वाजत असताना घड्याळाची टिकटिक ऐकणं. सरक असेल तर खोटा चढ दिसणारच.

बाटली घेतली. पाण्यात थोडा डाय मिसळला. बाटलीतून कुठे काही झिरपत नाही, तेव्हा तिची रेघ आडवीच यायला हवी. मशीनमध्ये ठेवली, वीस मिनिटं. आडवी आली. म्हटलं, बाटली कडेला होती. मग नेमकी त्या दोन जागी येईल अशी स्पंजमध्ये बसवली. आडवी.

म्हणजे सरक बाटलीत दिसत नाही, जिवंत माणसात दिसते. अंगाची ऊब, वाहतं रक्त. बाटलीला कुठून येणार? याचा विचार करायला हवा.

घरी पोचलो तर दाराला कुलूप. ही खाली चौकातल्या बाकावर बसली होती, पिशवीत दोऱ्याची रिळं. म्हणाली, ऊन खात होते. ऊन कधीच उतरलं होतं.

३० जानेवारी

आज घरात हसणं झालं. ही कपडे शिवते, चांगले कोटसुद्धा. बँकेतल्या एका बाईंनी शिवायला दिलेला कोट मापासाठी अंगावर चढवला तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. हात घालता घालता बाई अडकल्या. ही म्हणाली, "आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोधायला हवं." बाईही हसल्या. कोट मात्र बरोबर घेऊन गेल्या, दुसरीकडे दाखवते म्हणाल्या.

त्या गेल्यावर ही बराच वेळ मशीनपुढे बसून होती, दोरा न ओवता. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. लक्ष देत जा.

पुन्हा विचारलं, "माझं काय आलं?"

"मशीनची चूक आली आहे. ती काढतोय."

"मशीनची," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

४ फेब्रुवारी

हिला दुसऱ्यांदा तपासलं. डोक्याला दोन्हीकडून फोमच्या उशा, कपाळाला पट्टी. नर्स तीच, पंप तोच.

तंतोतंत तीच रेघ. दोन्ही वेळचे आलेख एकावर एक ठेवले तर कुठला कुठला ते मलाही सांगता येईना. यात एक समाधान आहे: मोजणी किती पक्की आहे ते सिद्ध झालं. मोठमोठ्या संस्थांना हे साधत नाही. चूक आहे, पण शिस्तीची चूक आहे, आणि शिस्तीची चूक वजा करता येते.

७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ती लांबच्या शहरात नोकरीला आहे, आठवड्याला बोलते. मला बाजूला जायला सांगितलं.

"बाबा, आईने काल एका फोनमध्ये तीनदा विचारलं की मी जेवले का."

"आई आहे. विचारणारच."

"तसं नाही हो. माझ्या नवऱ्याचं नाव घेताना अडली. आईला कुठेतरी दाखवा ना."

"अगं, तुझ्या आईच्या मेंदूचे जेवढे फोटो माझ्याकडे आहेत तेवढे जगात कुणाकडे नसतील. एकेक जागा मला पाठ आहे."

"मग काय दिसतंय?"

"काही नाही. मशीनची सरक."

सरक म्हणजे काय, ते तिने दोनदा विचारलं. आजकालच्या मुलांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगायला वेळ लागतो.

१२ फेब्रुवारी

सुटलं! आजची तारीख लक्षात ठेवावी.

आपल्याला माहीत असलेली निरोगी व्यक्ती एकच: ही. (पैलवान बाद, घोरण्यामुळे.) निरोगी माणसात झिरप असू शकत नाही. म्हणजे हिच्या रेघेत जो चढ आहे तो सगळा सरकीचा. तेव्हा हिचा चढ हेच शून्य धरायचं आणि पुढे प्रत्येक रुग्णाच्या त्या त्या जागेतून तेवढा वजा करायचा. गणित सोपं आहे, सुचायला मात्र डोकं लागतं. संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅममध्ये घातलं. फाईलला नाव दिलं 'निरोगी-दोन'.

हिला सांगितलं, "तू आता आमच्या सेंटरचं शून्य आहेस."

"म्हणजे काहीच नाही?"

"म्हणजे सगळं तुझ्यावरून मोजायचं."

यावर काहीतरी लागट बोलेल असं वाटलं होतं. बोलली नाही. मान हलवली आणि विचारलं, "चहा घेतलात का?" कप माझ्या हातातच होता.

५ मार्च

पहिला रुग्ण. निवृत्त मुख्याध्यापक, मेंदूच्या डॉक्टरांनी पाठवलेले. मुलगा बरोबर. सर विसरायला लागलेत, दोनदा रस्ता चुकले. बोलायला मात्र खणखणीत. माझा फॉर्म वाचून त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली.

वजाबाकी केल्यावर निकाल स्वच्छ शून्य. डॉक्टरबाई जरा थबकल्या, "यांच्यात काहीतरी यायला हवं होतं." मी म्हटलं, यायला हवं म्हणून आणता येत नाही. रिपोर्ट गेला: झिरप आढळली नाही. मुलाने माझा हात दोन्ही हातांत धरला. असं कुणी इंजिनिअरचा धरत नसेल.

२१ मार्च

आज एवढंच लिहायचं होतं की काम बरं चाललंय. तसं नाही झालं.

डॉक्टरबाईंच्या मनातून मुख्याध्यापक जात नव्हते. त्यांनी नर्सला निरोगी म्हणून तपासायला लावलं. तरुण आहे, पाठांतर एवढं की सगळ्या रुग्णांचे फोन नंबर तोंडपाठ. तिचा निकाल उणे आला. दोन्ही कानांच्या आत, त्याच दोन जागी, उणे.

बाईंनी मला खोलीत बोलावलं. पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, उणे झिरप म्हणजे काय?"

मी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"मेंदूतून डाय उलटा रक्तात येतोय. जो तिथे कधी गेलाच नाही, तो. होतं का असं?"

"नाही होत."

"तुम्ही यातून वजा काय केलंय?"

"सरक."

"कुणावर मोजलीत?"

"निरोगी-दोनवर."

"बाटलीवर नाही मोजलीत?"

"बाटलीत येत नव्हती."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो आणि माझ्याच कानांनी ऐकलं. बाटलीत येत नव्हती. बाईंनी पैलवानाची फाईल उघडली, मी बाद केलेली. आडवी रेघ. नर्सची मूळ रेघ, वजाबाकीच्या आधीची. आडवी. मुख्याध्यापकांची मूळ रेघ. चढ. मग 'निरोगी-दोन'. चढ. दोन्हीकडे जवळजवळ मुख्याध्यापकांएवढाच.

"निरोगी-दोन कोण आहे, काका?"

"घरचीच."

त्यांनी चष्मा काढला. खुर्ची माझ्या बाजूला ओढली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काकूंचं घरी कसं चाललंय?"

मला म्हणायचं होतं, उत्तम. तोंडातून कोटाच्या बाह्या बाहेर पडल्या. मग मीठ, मग बाक. बंदच होईना. सगळं मला माहीत होतं. सगळ्याची नोंद होती, याच डायरीत, माझ्या हातची.

२२ मार्च

मुख्याध्यापकांच्या मुलाला फोन मीच केला. बाई म्हणत होत्या त्या करतील. म्हटलं, रिपोर्ट माझ्या आकड्यांचा होता. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबांना गाडीची किल्ली परत दिली होती आम्ही. आता पुन्हा काढून घ्यावी लागेल." काही वेडंवाकडं बोलला नाही. फोन ठेवतो म्हणाला.

२३ मार्च

हिला सांगितलं. सकाळी, ती बॉबिन भरत असताना. वाक्य मनात तयार करून गेलो होतो. ते राहिलंच. म्हणालो, "चूक मशीनची नव्हती."

तिने पायडल थांबवलं. "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"अहो, माझं डोकं आहे. मला नाही कळणार? दिवाळं निघायला लागलं की मालकाला आधी कळतं. म्हणून तर आले होते तुमच्या मशीनमध्ये."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, लक्ष देत जा." माझ्याच आवाजात म्हणाली. हुबेहूब. "म्हटलं, माझं नाही ऐकलंत तरी मशीनचं ऐकाल."

मग पुन्हा बॉबिन भरायला लागली. भरून झाली तरी पाय चालूच. दोरा बाहेर सांडत होता.

२ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरांकडे. चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. दोन सांगितले. तिसऱ्याला माझ्याकडे पाहिलं, शाळेत शेजारच्याच्या पाटीकडे पाहतात तसं. मला पाचही येत होते. ओठ मिटून बसलो.

तिला बाहेर बसवून डॉक्टरांना एकट्याने विचारलं: जानेवारीतच कळलं असतं तर? ते म्हणाले, औषधात फारसा फरक पडला नसता. झिरप मोजता येते, बुजवता येत नाही.

हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं. औषधात फरक पडला नसता. जानेवारीपासून ती एकटीच घाबरत होती, त्यात पडला असता.

११ एप्रिल

प्रोग्रॅममधून वजाबाकी काढली. शून्य आता पैलवान आणि नर्स. तीन रिपोर्ट बदलून गेले. बाई म्हणाल्या, मोजणी तुमचीच, तुम्हीच चालवा. मोजणी खरोखरच चांगली आहे. तेच तर.

'निरोगी-दोन'चं नाव बदलायचं होतं. फाईल उघडली, बंद केली.

१९ मे

मुलगी येऊन गेली. दोघी दिवसभर जुने कपडे उसवत बसल्या. उसवणं हिला अजून बिनचूक येतं. निघताना मुलगी मला म्हणाली, "बाबा, मी फोनवर सांगितलं होतं." एवढंच. मी हो म्हटलं.

१० जुलै

आज विचारलं, "माझं काय आलं?"

खरं सांगितलं. तिचा चेहरा मार्चमध्ये झाला नव्हता असा झाला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

१३ जुलै

पुन्हा विचारलं. पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तोच चेहरा.

१५ जुलै

"माझं काय आलं?"

"अजून यायचंय."

"उशीर लावतात हो तुमची माणसं," ती म्हणाली आणि निवांत झाली. चुकीचा आकडा मी आयुष्यात जाणूनबुजून कुणाला दिला नव्हता. आता रोज देतो.

२६ सप्टेंबर

शिलाई मशीनवर झाकण घातलं. तिने घालायला सांगितलं, की मी घातलं, हे आत्ता लिहिताना नीट आठवत नाही. बघा, मलाच आठवत नाही.

१७ ऑक्टोबर

पुन्हा तपासणी. आठ महिन्यांत किती वाढलं ते पाहायचं. बाई म्हणाल्या, आज दुसरं कुणी चालवेल, तुम्ही काकूंजवळ थांबा. म्हटलं, मीच चालवतो.

केसातल्या पिना मी काढल्या. ट्रेमध्ये ठेवून मोजल्या. नर्सने सुई लावली, हसून बोलत होती. ही तिच्याकडे पाहून हसली, पाहुण्यांकडे पाहून हसतात तसं. आडवी झाली, आत गेली.

माइकवर म्हणालो, "सुरू करतोय."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कोण बोलतंय? आवाज ओळखीचा वाटतोय."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. थट्टा होती की खरंच विचारत होती, ते सांगणारं मशीन माझ्याकडे नाही. एकच उपाय सुचला. जानेवारीत बोललो होतो तेच, तसंच, त्याच खरखरीत आवाजात बोललो. "हलू नकोस. बोलायचं नाही."

आणि थांबलो. पुढचं वाक्य तिचं होतं. पंपावर बोट तसंच ठेवून मी थांबलो.

आतून आलं, "बरं, साहेब."

डाय सोडला. पूर्ण वीस मिनिटं ती जराही हलली नाही. फोटो फार चांगले आले.